अमेरिकेतील फीडलॉटधारक शेतकऱ्यांची सौदाशक्ती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
माळरानावर वाढलेली जनावरे शेवटचे काही महिने बंदिस्त आवारात ठेवून, मक्यासारखे पौष्टिक खाद्य देऊन, वजन वाढवून मांसप्रक्रिया कारखान्यास विकण्याच्या व्यवस्थेस 'फीडलॉट' म्हणतात. या व्यवसायाच्या अडचणींत रोगराई, खाद्याची महागाई व प्रदूषण यांचा उल्लेख नेहमी होतो. परंतु तयार झालेले जनावर थांबू शकत नाही, ही त्याची मूळ अडचण होय. एक किलो वजनवाढीसाठी साधारणतः सहा ते सात किलो खाद्य लागते. ठरावीक वजनानंतर मात्र मांसाऐवजी चरबीच अधिक वाढते; खर्च चढतो आणि दर उतरतो. तोडणीला आलेला ऊस घेऊन कारखान्याच्या टोळीची वाट पाहणारा शेतकरी आपल्या परिचयाचा आहे. त्याची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे.

व्यवसायाचा विस्तार :
पूर्वी मका हाती आल्यावर हिवाळ्यात जनावरे पुष्ट केली जात व ती एकाच वेळी बाजारात येत. कोलोरॅडोतील ग्रीली येथे वॉरेन मॉन्फोर्ट यांनी १९३० च्या सुमारास बारमाही पुष्टी सुरू करून हा हंगामी पेच टाळला. १९५२ मध्ये फ्रँक झायबाख यांना फिरत्या तुषारसिंचन यंत्राचे पेटंट मिळाले. ओगलाला भूजलावर कोरड्या पठारी प्रदेशात मका व ज्वारी पिकू लागली आणि फीडलॉटही तिकडे सरकले. १९५४ मध्ये मान्यता मिळालेल्या डीईएस या संप्रेरकाने वजनवाढ वेगवान केली. कर्करोगाच्या भीतीने १९७९ मध्ये त्यावर बंदी आली.

१९७३ चा पेचप्रसंग :
मांस महागल्याने मार्च १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मांसाच्या दरावर कमाल मर्यादा घातली. एप्रिलच्या आरंभी गृहिणींनी मांसखरेदीवर बहिष्कारही टाकला. सप्टेंबरमध्ये मर्यादा उठल्यावर दर चढतील, या अपेक्षेने फीडलॉटधारकांनी जनावरे रोखून धरली. जनावरे मात्र खातच राहिली, तीही सोव्हिएत रशियाच्या १९७२ मधील मोठ्या धान्यखरेदीनंतर महागलेले खाद्य. मर्यादा उठताच अतिवजनाची जनावरे एकदम बाजारात आली व दर कोसळले. १९७४ पर्यंत अनेकांना जनावरामागे शंभर डॉलरहून अधिक तोटा सोसावा लागला. या शेतकऱ्यांना केवळ सट्टेखोर ठरविणे प्रस्तुत लेखकास अन्यायकारक वाटते. व्यापाऱ्याचा माल गोदामात पडून राहतो; यांचा माल दररोज खाद्य मागत होता.

खरेदीदारांचे केंद्रीकरण :
१९६० मध्ये स्थापन झालेल्या आयोवा बीफ पॅकर्स या कंपनीने १९६७ पासून मांस खोक्यांत भरून विकण्यास आरंभ केला. कारखाने फीडलॉटजवळ आले, तर जेथे अनेक खरेदीदार बोली लावीत ते जुने बाजार ओस पडले. शिकागोचा विख्यात पशुबाजार १९७१ मध्ये बंद झाला. पुष्ट जनावरांच्या कत्तलीत चार मोठ्या कंपन्यांचा वाटा १९८० मध्ये सुमारे ३६ टक्के होता. पुढे तो ८० टक्क्यांवर गेला. स्वतःचा कारखाना काढणारे मॉन्फोर्टही १९८७ मध्ये कॉनअ‍ॅग्रा कंपनीत विलीन झाले.

आगाऊ करारांनी जनावरे बांधून घेतलेल्या कंपनीस खुल्या बाजारात बोली लावण्याची निकड उरत नाही. १९२१ च्या पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स कायद्याचा आधार घेऊन पशुपालकांनी टायसन कंपनीविरुद्ध याच मुद्द्यावर दावा केला. २००४ मध्ये अलाबामातील ज्यूरीने १२८ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. न्यायाधीशांनी तो निर्णय फिरवला, २००५ मध्ये अपील न्यायालयाने न्यायाधीशांना दुजोरा दिला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.