दात पाहून घेतलेली गाडी

दसऱ्याच्या सुमारास शिरूर कासारला ज्या घरी चार पैसे गाठीला लागलेले असतात, त्या घरच्या ओसरीवर एक विषय हमखास निघतो. पुण्याकडे नोकरीला असलेला थोरला मुलगा सुट्टीवर आलेला असतो. तो म्हणतो, "तात्या, घ्यायची तर नवीच घेऊ. हप्ता मी भरतो." तात्या सुपारी कातरीत म्हणतात, "अरे, पाच वर्षं वापरलेली निम्म्यात मिळती. माणसं तेवढीच बसत्यात की!" आणि आतून आजी विचारते, "पर त्यात आपण समदे मावणार का?"

ओसरी कोणाचीही असो, संवाद थोड्याफार फरकाने हाच. त्यातला आजीचा प्रश्न सर्वांत जुना आहे. तात्यांचा त्याहून थोडा अलीकडचा, आणि मुलाचा तर अगदी परवाचा. या तीन प्रश्नांना एक इतिहास आहे. गाडी घेण्याआधी तो एकदा डोळ्यांखालून घालावा, म्हणजे निर्णय सोपा होईल असे नव्हे, पण निदान आपण नेमके काय विकत घेत आहो हे तरी कळेल.

शिरूर सिंदफणेच्या काठी वसलेले. आज ते तालुक्याचे गाव आहे. पूर्वी पाटोदे तालुक्यात मोडे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि पश्चिमेला थोडे चालून गेले की नगर जिल्ह्याची, म्हणजे इंग्रजी अमलाची हद्द लागे. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कळदार रुपया. मध्ये करोडगिरीचा नाका. तरीही मढीच्या कानिफनाथाला, पैठणच्या नाथषष्ठीला आणि पंढरीच्या वारीला जायचे कोणी थांबले नाही. चालता येई ते चालत, आणि म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या सुना, शिधा, कडबा हे सारे बैलगाडीत. कुटुंबाची मोठी गाडी म्हणतात ती हीच. आजीच्या प्रश्नाचे उत्तर त्या गाडीने शतकानुशतके दिले होते.

या गाडीत एक मौज होती. गाडी गावच्या सुताराने नवी करून द्यावी, पण ती ओढणारा बैल मात्र बहुधा दुसऱ्याच्या दावणीचा असे. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे तर सांगाडा नवा आणि इंजिन जुने! म्हणूनच जुना जिन्नस पारखण्याची विद्या आमच्या लोकांना कोणी शिकवावी लागली नाही. बैल दोनदाती आहे, चारदाती आहे, सहादाती आहे की जुळलेला आहे, हे तोंड उघडून पाहायचे. चालवून पाहायचा. खांद्यावर जू ठेवून पाहायचे. बशा तर नाही ना, मारका तर नाही ना, हे विकणाऱ्याला नव्हे, त्याच्या शेजाऱ्याला विचारायचे. मग रुमालाखाली बोटे धरून भाव ठरायचा आणि शेवटी पावती. मढीच्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो, तिथेही रीत तीच. जनावराचे वय त्याच्या दातांत असते आणि खोड त्याच्या गावात. दोन्ही पाहिल्यावाचून पैसा हातचा सुटत नसे.

यांत्रिक वाहन आले ते प्रथम बस होऊन. निजाम सरकारने १९३२ साली २७ बसगाड्यांवर आपली मोटार वाहतूक सुरू केली. इकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस्टी धावली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि यथावकाश एस्टीचे जाळे आमच्याही गावांपर्यंत पोचले. एस्टीचे उपकार थोर, पण एस्टीत जागा मिळते ती माणसाला. कुटुंबाला मिळत नाही. तिची वेळ तिची, थांबा तिचा. आगगाडीचे तर विचारूच नये. नगरहून निघालेला रेल्वेमार्ग २०२२ साली आष्टीपर्यंत आला आणि बीडला प्रवासी गाडी पाहायला २०२५ उजाडावे लागले. ज्या जिल्ह्याला रेल्वे इतकी उशिरा दिसली, त्याने आपली सारी भिस्त रस्त्यावर आणि रस्त्यावरच्या चाकांवर ठेवली, यात नवल ते काय?

ही उणीव भरून काढायला जे वाहन आले ते मुळात लढाईसाठी जन्मलेले होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. त्यांतल्या पुष्कळ ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी हिंदुस्थानात उतरल्या आणि युद्ध संपताच 'डिस्पोजल'च्या मालात विक्रीला निघाल्या. म्हणजे खाजगी माणसाला इथे जी जीप पहिल्यांदा मिळाली ती वापरलेली, चिखलातून आणि गोळीबारातून आलेली. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या कंपनीने १९४७ पासून विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जुळणी आरंभिली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तेथे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनी महिंद्र अँड महिंद्र झाली. नवी जीप आली ती ही अशी, जुनीच्या मागून.

जुनी गाडी न पाहता घेतली म्हणजे काय होते, याचा धडा खुद्द देशाने त्याच वर्षी गिरवला. १९४८ साली लंडनमधले आपले हायकमिशनर व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपगाड्यांचा सौदा केला. बोली २,००० गाड्यांची. रकमेचा मोठा भाग आगाऊ दिलेला. प्रत्यक्षात १५५ गाड्या येऊन पोचल्या आणि सैन्याने त्या निकामी म्हणून नाकारल्या. संसदेत गदारोळ झाला, चौकशी झाली, आणि १९५५ साली सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. राजकारणाचा भाग सोडून देऊ. पण आमच्या बाजारातल्या एखाद्या शेतकऱ्याला हा सौदा सांगितला, तर तो एवढेच विचारील, "पैशे आधी दिले? आन् दात?"

पुढची चाळीस वर्षे परवान्यांची आणि प्रतीक्षायादीची होती. नवी जीप दिसायची ती सरकारी कचेरीत, साखर कारखान्यावर किंवा पुढाऱ्याच्या दारात. १९६२ साली जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, तशी गटविकास अधिकाऱ्याची जीप खेड्यापाड्यांत दिसू लागली. पोरे तिच्यामागे धुळीत धावायची. ती जीप सामान्य माणसाच्या हाती यायची ती थकल्यावर, लिलावात. मग मिस्त्री तिची मागची बाजू लांबवी, समोरासमोर दोन बाक टाकी, वर ताडपत्री चढवी, आणि सहा जणांची गाडी बारा जणांची होई. नगरच्या फिरोदिया घराण्यातील नवलमल फिरोदिया यांनी उभारलेल्या बजाज टेंपोची ट्रॅक्स, महिंद्राची कमांडर, यांनी पुढे हेच काम कारखान्यातूनच करून दिले. काळ्या-पिवळ्या रंगात त्या आठवडी बाजारांच्या वाटांवर धावल्या आणि टपासह भरल्या. त्यांत माणसे मावली. सुरक्षित बसली असे मात्र म्हणवत नाही.

१९९१ नंतर दिवस पालटले. १९९४ मध्ये टाटांची सुमो आली. सुमंत मुळगावकरांच्या नावातली आद्याक्षरे तिने धारण केली. १९९८ मध्ये सफारी, २००० मध्ये बोलेरो आणि क्वालिस, २००२ मध्ये स्कॉर्पिओ. सुमो, सफारी पुण्याच्या. बोलेरो, स्कॉर्पिओ नाशिकच्या. पुणे आणि नाशिक, दोन्ही शिरूरहून दिवसभरात गाठता येणारी. पण या गाड्या कारखान्यातून थेट शिरूरला क्वचितच आल्या. आधी पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर पाच-सात वर्षे राबल्या, आणि मग इकडे. आजही गावात उभ्या असलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचाव्या. एमएच २३ ही बीडची. पण मध्येच एमएच १२ आणि एमएच १४ दिसतात. ती पुण्याची आणि पिंपरी-चिंचवडची माहेरवाशीण समजावी.

तेव्हा तात्यांचा 'जुनी घेऊ' हा आग्रह कंजूषपणाचा नाही. त्यामागे पाऊणशे वर्षांची परंपरा आहे. हिशेबही त्यांच्या बाजूचा आहे. विमा कंपन्यांच्या कोष्टकात गाडीची किंमत सहा महिन्यांनंतर १५ टक्क्यांनी, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्क्यांनी उतरलेली धरतात. १४ लाखांची गाडी पाच वर्षांत ७ लाखांची. पहिल्या मालकाने ७ लाख रुपये नवेपणाच्या वासासाठी मोजले म्हणायचे! शिवाय राज्याचा एकरकमी वाहनकर, जो डिझेल गाडीला किमतीप्रमाणे १३ ते १५ टक्के पडतो, तो त्यानेच भरलेला असतो. आणि हप्ता? हप्ता महिन्याचा असतो. कापूस, सोयाबीन किंवा ऊसतोडीचा पैसा हंगामाचा. पगारदार मुलाला ही गोष्ट जाणवत नाही. त्याची नोकरी चार महिने सुटली, तर हप्ता ओसरीवर येऊन बसतो आणि मग रानाकडे पाहू लागतो.

पण मुलाचाही पक्ष लंगडा नाही. अलीकडच्या काही वर्षांनी गाडीत असा फरक केला आहे, की जो दात पाहून कळत नाही. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींत चाक जाम होऊ न देणारा ब्रेक सक्तीचा झाला. १ जुलै २०१९ पासून चालकापुढे हवेची पिशवी, आणि २०२२ च्या आरंभापासून शेजारच्या आसनापुढेही. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत यांतले काहीच नाही. मागे समोरासमोरचे बाक असतील तर तिथे बसलेल्या नातवंडांना पट्टासुद्धा नाही. निम्म्या किमतीत माणसे तेवढीच बसतात हे तात्यांचे म्हणणे खरे. ती सारी तेवढीच सुखरूप उतरतील काय, हा प्रश्न उरतो. करातही पालट झाला आहे. सप्टेंबर २०२५ पर्यंत मोठ्या गाडीवर उपकरासह ५० टक्के कर होता. तो आता ४० टक्के आहे. चार मीटरांच्या आत बसणाऱ्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला तर १८ टक्केच. बोलेरो या मापात बसते, स्कॉर्पिओ बसत नाही. नव्या-जुन्यातली दरी तेवढी अरुंद झाली.

नव्याचेही एक व्यंग सांगितले पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले, तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुरात काजळी अडवणारी गाळणी असते. ती स्वच्छ व्हायला गाडी अधूनमधून लांबवर, बऱ्या वेगाने पळावी लागते. रोज घर ते शेत आणि शेत ते बाजार एवढीच जिची धाव, तिची गाळणी तुंबते. त्याहून जुनी गाडी गावच्या मिस्त्रीच्या हाताखाली सुधारते. हिला संगणक लावावा लागतो.

सर्वांत मोठा धोका मात्र यंत्रात नाही, कागदात आहे. बैलाची पावती झाली की बैल आपला. गाडीचे तसे नाही. विकणाऱ्याने २९ आणि ३० नंबरच्या अर्जांवर सही केली, पैसे मोजून झाले, किल्ली हातात आली, म्हणजे व्यवहार पुरा झाला असे आपल्याकडे सर्रास समजतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्वच्छ सांगितले, की नोंदणीत ज्याचे नाव, कायद्याच्या दृष्टीने मालक तोच. अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याची. त्या खटल्यात गाडी एकामागून एक अनेक हातांतून गेली होती आणि नाव पहिल्याचेच राहिले होते. तेव्हा विकणाऱ्याने नाव बदलल्याची खातरजमा करावी ती स्वतःसाठी, आणि घेणाऱ्याने करावी ती विम्यासाठी आणि उद्याच्या विक्रीसाठी. कर्जाचा बोजा उतरला आहे की नाही हेही आरसी बुकात दिसते. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. अशी परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. पण तिला तिकडचा ना-हरकत दाखला लागतो आणि इकडचा कर पुन्हा भरावा लागतो, हे भाव ठरवताना कोणी सांगत नाही.

मग घ्यावी कोणती? इतिहास एवढेच सांगतो, की आमच्या भागाला जुन्या गाडीने क्वचितच बुडवले. बुडवले ते अनोळखी गाडीने. डिस्पोजलची जीप घेणाऱ्याने इंजिन उघडून पाहिले, लिलावाची घेणाऱ्याला ती कोणत्या कचेरीत आणि कोणत्या चालकाच्या हाताखाली राबली हे ठाऊक होते. मेननसाहेबांच्या १५५ गाड्यांचा भूतकाळ मात्र कोणालाच ठाऊक नव्हता. तेव्हा २०१९ नंतरची, एका हातची, जिचा मालक आणि मिस्त्री दोघेही बोलायला तयार आहेत अशी गाडी मिळाली, तर तात्यांचे ऐकावे आणि त्याच आठवड्यात नाव बदलून घ्यावे. तशी न मिळाली, तर मुलाचे ऐकावे. पण ऐपतीपेक्षा एक पायरी लहान घ्यावी, म्हणजे हप्ता रानाकडे पाहणार नाही.

राहिला आजीचा प्रश्न. सगळे मावण्याची वेळ वर्षातून किती वेळा येते? मोहटादेवी, पंढरपूर, एखादे लग्न, एखादे आजारपण. त्या चार दिवसांसाठी मोठी गाडी घ्यावी काय, की तेवढ्यापुरती भाड्याने आणावी? हिशेब करणारा भाड्याची आणील. पण ज्या बाईने आपल्या तरुणपणी बैलगाडीत सगळ्यांना सोबत बसलेले पाहिले आहे, तिला ते भाडे सांगू नये. तिला आधी एकदा बसवून पाहावे. पाय वर उचलताना गुडघा दुखतो का, हे विचारावे. मोठ्या गाडीची पायरी उंच असते, आणि ही गोष्ट कोणत्याच कोष्टकात लिहिलेली नसते.