तालीम मास्तर

अभिनय शिकवून येत नाही, तो मुळात अंगात असावा लागतो, असं ठासून सांगणारी माणसं मला आजवर पुष्कळ भेटली. त्यांतल्या एकाच्याही अंगात तो नव्हता. गवयाने गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावला की आपण धन्य होतो, पहिलवानाने वस्तादाचं नाव काढलं की मान डोलावतो. पण नटाने ‘मला अमुक मास्तरांनी शिकवलं’ म्हटलं की आपला चेहरा पडतो. जणू बिचारा परीक्षेत कॉपी करताना सापडला! वास्तविक ‘तालीम’ हा शब्द मराठीत कुस्तीवाल्यांचा आणि नाटकवाल्यांचा एकच. दोघांचाही घाम काढणारा कोणीतरी समोर उभा असतो, एवढंच.

हल्ली सिनेमातल्या पोरांना ‘ॲक्टिंग कोच’ लागतो हे वर्तमानपत्रात वाचून आमच्या शेजारचे नाना भडकले. “आमच्या मराठी रंगभूमीवर असली थेरं नव्हती हो!” म्हणाले. आता नानांना काय होतं आणि काय नव्हतं हे समजावण्यात माझी एक संध्याकाळ आणि त्यांच्याच घरचा दोन कप चहा गेला.

अगदी सुरुवातीला मास्तरांची फारशी गरज नव्हती, हे मी कबूल केलं. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा पदं सूत्रधाराने म्हणायची आणि पात्रांनी प्रसंग पाहून पदरचं चार वाक्यं बोलायचं, असा मामला होता. राक्षसांना तर भाषेचीही अडचण नव्हती. आरोळ्या ठोकल्या, तलवार फिरवली, की भागलं. पंचाईत झाली ती लिहिलेली नाटकं आल्यावर. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ आलं, पाठोपाठ भाषांतरं आली आणि नटाच्या हातात ‘नक्कल’ पडली. नक्कल म्हणजे त्याच्या वाट्याच्या भाषणांची वही. आता, लिहिलेलं बोलायला लागला की कुठलाही माणूस वाचल्यासारखं बोलतो. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं २६ जानेवारीचं भाषण ज्यांनी ऐकलंय त्यांना पुरावा नको. पाठ केलेलं वाक्य आत्ताच सुचल्यासारखं बोलायचं, ही गोष्ट शिकवायला माणूस लागतो.

तो माणूस म्हणजे गोविंद बल्लाळ देवल. बेळगावच्या शाळेत अण्णासाहेब किर्लोस्करांचे विद्यार्थी. अण्णासाहेबांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं, आणि १८८५ साली ते गेलेसुद्धा. पुढे किर्लोस्कर मंडळीला नाटकं देणं आणि नटांना घडवणं अशी दोन्ही कामं देवलांकडे आली. देवलांची नाटकं सात, त्यांपैकी स्वतंत्र ‘शारदा’ हे एकच. बाकी सहा संस्कृतातून, नाहीतर इंग्रजीतून आणलेली. टीकाकार हे जरा नाक मुरडून सांगतात. मला विचाराल तर दुसऱ्याचं वाक्य आपलंसं करून बोलायची कला ज्याला शिकवायची आहे, त्याला याहून चांगली पूर्वतयारी कुठली?

‘ऑथेल्लो’वरून त्यांनी ‘झुंझारराव’ केलं. १८९० च्या सुमाराची गोष्ट. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोश्यांना त्यांनी त्याची तालीम दिली. गणपतरावांचं शालेय शिक्षण बेताचं. पण पुढे त्यांचा हॅम्लेट पाहायला शेक्सपिअर कोळून प्यालेले प्रोफेसर तिकीट काढून जात. आणि १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत नारायण राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा आला. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेल्यापासून मंडळीला तसा गळा मिळाला नव्हता. मिरजेला तो शकुंतला म्हणून उभा राहिला. त्याला तयार केलं देवलांनी. गाणं त्याचं होतंच. पण नुसत्या गाण्याने शकुंतला होत नाही. दुष्यंत ओळख नाकारतो त्या क्षणी मान खाली घालायची की वर करायची, हे कुठल्याही रागात लिहिलेलं नसतं.

“म्हणजे पोपटच की सगळे!” नाना म्हणाले.

मला हीच शंका हवी होती. पोपटच केले असते, तर एका मास्तरांचे दोन पोपट एकसारखे बोलले असते ना? इकडे बायकोचा गळा दाबणारा झुंझारराव, तिकडे पदराआड रडणारी शकुंतला! ज्याच्यापाशी जे होतं तेच मास्तरांनी बाहेर काढलं. नटाला सगळं दिसतं, स्वतःची पाठ तेवढी दिसत नाही. ती पाहणारा एक शहाणा माणूस समोर बसलेला असणं, हा मास्तर ठेवण्याचा सगळ्यात मोठा फायदा. आमच्या नानांनाही असा कोणी मिळायला हवा होता, पण ते असो.

‘शारदा’च्या वेळी तर प्रश्न नुसत्या टाळ्यांचा नव्हता. १८९९ सालचं नाटक. पैशांच्या लोभाने बाप आपली कोवळी पोर भुजंगनाथ नावाच्या थेरड्याला द्यायला निघतो. शारदेचं काम करणार मुलगा. लुगड्यातल्या त्या मुलाचा एक हात चुकीचा पडला, आवाज एकदा फाटला आणि थिएटर हसलं, की नाटक तिथेच संपलं. कारण त्या काळी प्रेक्षकांतही दोनचार भुजंगनाथ बसलेले असत, आणि त्यांना हसायला निमित्तच हवं असे. म्हाताऱ्याला हसायचं आणि मुलीला नाही, ही तारेवरची कसरत होती. लोक हसले ते भुजंगनाथाला. (१९२९ चा बालविवाहाविरुद्धचा ‘शारदा कायदा’ या नाटकावरून आला असं नाना समजतात. तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून आला. पण नाना ऐकत नाहीत, आणि या बाबतीत मलाही फार ताणावंसं वाटत नाही.)

देवल १९१६ च्या जूनमध्ये गेले. त्यांच्या ‘फाल्गुनराव’चं ‘संशयकल्लोळ’ झालं आणि गंधर्व मंडळीने ते त्याच वर्षी रंगभूमीवर आणलं. ते पाहायला मास्तर नव्हते. अजूनही त्याचे प्रयोग होतात. लोक पदं गुणगुणत, हसत घरी जातात.

पुढच्या मास्तरांचं काम उलटं झालं. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. दिवाणखान्यातलं नाटक, घरगुती बोलणं. शेवटच्या रांगेपर्यंत गर्जना पोचवायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, ती आता मोडायची होती! दिग्दर्शक होते केशवराव दाते, आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करत होत्या : ज्योत्स्ना भोळे, पद्मा वर्तक. तरुणपणी स्वतः स्त्रीवेषात रंगभूमीवर वावरलेला माणूस आता खऱ्या बायकांना तालीम देत होता. त्यांना लुगडं नेसायला शिकवावं लागलं नाही, तेवढाच काय तो मास्तरांचा वेळ वाचला.