तळटीप : आभासी यंत्राला यूएसबी जोडताना

* व्हर्च्युअलबॉक्समध्ये यूएसबी उपकरण एका वेळी एकाच्याच ताब्यात असते. आभासी यंत्राने ते घेतले, की मूळ संगणकावरून ते दिसेनासे होते. म्हणून पेनड्राइव्ह आधी मूळ संगणकावर अनमाउंट करावा; फाइल लिहिली जात असताना ताबा बदलला तर मजकूर कायमचा जाऊ शकतो. वाचकांनी हे खरोखर मनावर घ्यावे. मूळ संगणकावर लिनक्स असल्यास आपले नाव ‘व्हीबॉक्सयूजर्स’ गटात घालून पुन्हा लॉगिन करावे, एरवी उपकरणांची यादी रिकामीच दिसते. यूएसबी 2 व 3 साठी पूर्वी लागणारा व्हर्च्युअलबॉक्सचा एक्स्टेन्शन पॅक 7.0 आवृत्तीपासून (2022) लागत नाही. नुसत्या फाइली हलवायच्या असतील तर शेअर्ड फोल्डर पुरतो. हा खटाटोप जुना स्कॅनर किंवा डिजिटल सहीचे टोकन यांच्यासाठी करावा. — संपा.