दक्षिणा, शाल आणि नाकारलेले नाटक

डिसेंबर-जानेवारी उजाडला की आपल्या भागातल्या मराठी शाळांतून स्नेहसंमेलनांची धांदल सुरू होते. बक्षीस-समारंभात पहिल्या तीन नंबरांना कप, आणि उरलेल्या वर्गाला टाळ्या वाजवण्याचे काम! मागे एका पालकसभेत एका गृहस्थांनी विचारले, ‘गुरुजी, ही बक्षिसे बंदच का करत नाही? माझा मुलगा त्या दिवशी घरी येऊन जेवत नाही.’ मी थातुरमातुर उत्तर दिले. पण प्रश्न मनातून जाईना, म्हणून जुनी पुस्तके काढून बसलो. पाहतो तो काय, हा वाद आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांचा जुना निघाला.

विद्येला बक्षीस देण्याची आपली मोठी सरकारी रीत म्हणजे श्रावणमासाची दक्षिणा. सेनापती खंडेराव दाभाड्यांनी तळेगावास ती सुरू केली. 1731 च्या डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडल्यावर पहिल्या बाजीरावाने ती पुण्यास चालू ठेवली. पुढे पुढे देशोदेशीचे ब्राह्मण श्रावणात पुण्याकडे लोटू लागले. विद्वान शास्त्र्यांची परीक्षा होऊन त्यांना मानाने मोठी रक्कम मिळे. बाकीच्यांसाठी पर्वतीच्या पायथ्याशी ‘रमणा’ होता. त्या आवारात गर्दी कोंडायची, आणि एकेकाला हातावर पैसे ठेवून बाहेर सोडायचे. तिथे विद्या कोण विचारतो? म्हणजे एकाच दक्षिणेचे दोन अर्थ झाले होते. वर विद्येचा मान, खाली जातीचा हक्क.

पेशवाई गेली, पण एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम तोडली नाही. लाखांचा खर्च पन्नास हजारांवर आणला, आणि 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. नवीन लोकांना दक्षिणा देणे पुढे बंद झाल्यावर शिलकी पैशाचे काय करायचे, असा प्रश्न आला. 1849 साली लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि इतर काही मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की, हा पैसा मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसे देण्यासाठी वापरावा. झाले! पुण्यात गहजब उडाला. अर्जावर सह्या करणाऱ्या सुधारकांवर हल्ला होईल अशी हवा झाली. तेव्हा जोतीराव फुल्यांनी दोनशे महार-मांग माणसे त्यांच्या रक्षणासाठी जमवली, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. ब्राह्मणांच्या दक्षिणेतून मराठी पुस्तकांना बक्षिसे मिळावीत म्हणून लाठ्या घेऊन कोण उभे राहिले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांतल्या कोणाच्याही घरात त्या पैशातला एक रुपया येणार नव्हता.

1851 साली ‘दक्षिणा प्राइझ कमिटी’ स्थापन झाली. मराठी गद्याला तिने हात दिला हे खरेच. त्याच निधीतून पुढे कॉलेजात ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. रमण्यातल्या पैशाला याहून चांगली वाट कोणती सापडणार?

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. 16 नोव्हेंबर 1852 रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते फुल्यांना सरकारतर्फे शाल देण्यात आली. मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळा काढल्याबद्दल हा सत्कार होता. तीन वर्षांनी, 1855 साली, त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे धाडले. भोळ्या कुणबी जोडप्याला भटजी कसा नाडतो आणि शेवटी ते दोघे रात्रीच्या शाळेत जायचे कसे ठरवतात, अशी त्याची हकीकत. कमिटीने ते स्वीकारले नाही. कमिटीतल्या भट सभासदांपुढे युरोपियन गृहस्थांचे काही चालले नाही, अशी तक्रार फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (1873) केली आहे. ते नाटक छापून यायला 1979 साल उजाडले! मराठीतले एक आरंभीचे आधुनिक नाटक सव्वाशे वर्षे बासनात राहिले. फुल्यांसारख्या माणसाची लेखणी त्यामुळे थांबली नाही, पण सगळेच फुले नसतात. त्या पालकांच्या मुलासारखे न जेवता झोपणारे किती असतील?

मला वाटते, बक्षीस वाईट नसते. बक्षिसाआधी दार कोण उघडते आणि कोणासाठी, तिथे खरी मेख आहे. मॅट्रिकला संस्कृतसाठी असलेल्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे उदाहरण घ्या. 1912 साली चिंतामणराव देशमुखांनी ती मिळवली, आणि तिच्यापायी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हुशार मुले संस्कृत घोकत आली. नानांच्या नावाला शोभेल असाच तिचा दरारा. पण त्याच मुंबईत, एल्फिन्स्टन हायस्कुलात, भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला संस्कृत शिकायलाच मिळाले नाही. त्याला फारशी घ्यावी लागली. जो विषय शिकूच दिला नाही, त्यातले बक्षीस तो कसे मिळवणार?

1907 साली तो मॅट्रिक झाला. गुण 750 पैकी 282. आजच्या हिशेबाने कपाच्या जवळपासही नाही. तरीही वस्तीतल्या लोकांनी सभा भरवली. सी. के. बोले अध्यक्ष होते, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी हजर होते. हा मुलगा बागेत नेहमी वाचत बसलेला असतो, एवढीच गुरुजींची त्याच्याशी ओळख. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धाचे मराठी चरित्र त्याला भेट दिले. पुढे गुरुजींनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, बडोद्याहून दरमहा 25 रुपये सुरू झाले, आणि 1912 साली तो बी.ए. झाला.

ते पुस्तक देताना केळुसकरांनी गुणपत्रिका मागितली नव्हती. येत्या जानेवारीत आमच्या शाळेत कप मांडलेल्या टेबलावर मी एक मराठी पुस्तकांची थप्पीही ठेवणार आहे. ज्या पोराला वाचनालयाच्या पायरीवर बसलेला पाहिला असेल, त्याला बोलवायचे आणि हवे ते उचलू द्यायचे. नंबराचे मग पाहू.