एंजिनाचा श्वास

महाबळेश्वरचा घाट चढणारी मोटार माथ्यावर पोंचेपर्यंत धापा टाकूं लागते, आणि त्याचें सारें खापर चढावर फोडलें जातें. परंतु साडेचार हजार फुटांवर हवाच सुमारें एक-अष्टमांशानें विरळ झालेली असते. पेट्रोल कितीहि ओतलें तरी तें जाळण्यापुरती हवा न मिळाल्यास त्याचा कांहीं उपयोग नाहीं. बावीस हजार फुटांवर हवेची घनता जवळजवळ निम्म्यावर येते. तेथें लढणाऱ्या वैमानिकाच्या मात्र ही अडचण जिवावर बेतते.

१९४० सालीं ब्रिटनवर झालेल्या हवाई युद्धांत स्पिटफायर व हरिकेन या दोन्ही विमानांत रोल्स-रॉइस कंपनीचें मर्लिन एंजिन होतें. त्याचें आकारमान २७ लिटर; प्रतिपक्षाच्या मेसरश्मिट विमानांतील डाइम्लर-बेन्झ एंजिनाचें सुमारें ३४ लिटर. हें उणें भरून काढावयाचें तर त्याच सिलिंडरांत अधिक हवा कोंबणें भाग होतें. त्यासाठीं मर्लिनच्या पाठीमागें सुपरचार्जर बसविलेला असे. सुपरचार्जर म्हणजे एंजिनाच्याच शक्तीनें अतिवेगानें फिरणारा व हवा दाबणारा पंखा. हा पंखा एंजिनाच्या मिळकतींतूनच आपलें पोट भरतो. म्हणून तो जितका उधळ्या, तितका तोटा अधिक.

१९३८ च्या जानेवारींत डर्बी येथील कारखान्यांत स्टॅन्ले हूकर नांवाचा तरुण गणिती दाखल झाला. द्रवांच्या व वायूंच्या प्रवाहाचें गणित हा त्याचा विषय. एंजिनांशीं त्याचा परिचय बेताचाच. आरंभीं त्याला नेमकें कामहि सांगण्यांत आलें नव्हतें. हिंडतां हिंडतां सुपरचार्जरच्या चांचण्यांचे आंकडे त्याच्या हातीं लागले, आणि तो ते आपल्या समीकरणांशीं ताडून पाहूं लागला. अनुभवी कारागिरांच्या हातून घडलेल्या त्या यंत्रांत सुधारणेस बरीच जागा आहे, असें त्याला आढळून आलें. पंख्याचीं पातीं व त्यांच्या भोंवतालच्या स्थिर पट्ट्या सुधारतां येण्याजोग्या होत्याच. पण हवा पंख्यापर्यंत पोंचविणारी वाटच सदोष होती. खालून वर येणाऱ्या हवेला पंख्याच्या तोंडाकडे वळावें लागे, आणि त्या वळणांत ती अडे. दाबण्याचें काम सुरू होण्यापूर्वींच कांहीं दाब गमावला जाई! ती वाट नव्यानें आंखण्यांत आली, पंखा व पट्ट्याहि सुधारल्या. सिलिंडरांचा आकार होता तोच राहिला, आणि तरीहि एंजिनाची पुरी शक्ति पूर्वीपेक्षां अधिक उंचीवर मिळूं लागली. या सुधारणांतूनच हरिकेनसाठीं मर्लिन २० व स्पिटफायरसाठीं मर्लिन ४५ हीं एंजिनें निघालीं.

१९४१ च्या शरदांत फॉके-वुल्फ १९० हें जर्मन विमान इंग्लिश खाडीवर दिसूं लागलें, आणि मर्लिन ४५ चें स्पिटफायर त्याच्यापुढें फिकें पडलें. यावर निघालेला उपाय मुळांत लढाऊ विमानासाठीं योजलेलाच नव्हता. फार उंचावरून जाणाऱ्या वेलिंग्टन बाँबफेकी विमानासाठीं हूकर व त्याचे सहकारी दोन पंखे एकामागें एक जोडीत होते. पहिला पंखा व्हल्चर नांवाच्या दुसऱ्या एका मोठ्या एंजिनाच्या सुपरचार्जरवरून घेतला होता. दोनदां दाबलेली हवा फार तापते आणि तापलेली हवा फुगते. म्हणून सिलिंडरांत शिरण्यापूर्वीं तिला थंड करणारें शीतकहि बसवावें लागलें. हेंच मर्लिन ६१. तें स्पिटफायरमध्यें बसविल्यावर विमानाचें नाक सुमारें नऊ इंच लांबलें, आणि तीन पात्यांच्या पंख्याच्या जागीं चार पात्यांचा पंखा आला.

जुलै १९४२ मध्यें हॉर्नचर्च येथील ६४ व्या स्क्वाड्रनला हीं नवीं विमानें मिळालीं. तीस हजार फुटांवर मर्लिन ६१ ची शक्ति मर्लिन ४५ पेक्षां सुमारें ३०० अश्वशक्तीनें अधिक होती, आणि स्पिटफायरचा वेग तेथें ताशीं जवळजवळ ७० मैलांनीं वाढला. सत्तावीस लिटरांत एक थेंबहि वाढला नव्हता. पुढें अमेरिकेंत पॅकार्ड कंपनीनें बनविलेलें दोन टप्प्यांचें मर्लिन मस्टँग विमानांत आलें, आणि १९४४ सालीं तीं विमानें बाँबफेक्यांच्या सोबतीला बर्लिनपर्यंत जाऊं लागलीं.

हूकर स्वतः १९४३ सालींच या कामांतून निघाला होता. लँकेशायरच्या सीमेनजीकच्या बार्नोल्ड्सविक गांवीं व्हिटलच्या जेट एंजिनाची जबाबदारी त्याच्यावर आली. त्या एंजिनांत सिलिंडर नव्हते. हवा ओढणारा आणि दाबणारा पंखा मात्र होता.