अंगणातला कावा
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

'गनिमी कावा' हा शब्द आपण सगळे शाळेत शिकलो. शत्रूला चकवणारा डाव, हा त्याचा अर्थ मनात पक्का बसलेला आहे. पण 'कावा' हा शब्द मुळात घोड्याच्या शिकवणीतला आहे. घोडा लांब दोरावर धरून त्याला गोल फिरवायचे, डावीकडून फिरवायचे, उजवीकडून फिरवायचे, मध्येच उलट वळवायचे, याला कावा देणे म्हणत. त्यावरून पुढे डावपेच हा अर्थ आला. हा धडा कोणी रणांगणावर देत नाही. तो घरापुढच्या अंगणात, रिकाम्या खळ्यात किंवा नदीकाठच्या वाळूत दिला जातो. आपल्या इतिहासातला इतका मोठा शब्द एका घरगुती कामातून आला आहे. आज मला त्या घरगुती कामाबद्दल बोलायचे आहे.

दख्खनमध्ये घोडा आला तो पाहुणा म्हणून. डोंगरी तट्टे इथे होती, पण लढाईचे मोठे घोडे अरबस्तान आणि इराणकडून जहाजांतून येत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो तमिळ किनाऱ्यावर उतरला होता. तो लिहितो की तिथला राजा दरवर्षी मोठ्या किमतीला घोडे घेतो, आणि वर्ष संपेपर्यंत त्यांतले फारच थोडे जिवंत राहतात. कारण त्यांना काय खाऊ घालावे आणि कसे सांभाळावे, हे तिथे कोणाला नीट ठाऊक नाही. पुढे तो एक मार्मिक गोष्ट सांगतो. घोडे विकणारे व्यापारी आपल्याबरोबर नालबंदाला येऊ देत नसत. नालबंद आला तर घोडे जगतील, घोडे जगले तर पुढच्या वर्षी गिऱ्हाईक कुठले? म्हणजे घोडा विकायचा, पण घोडा जगवण्याची विद्या विकायची नाही, असा हा व्यवहार होता.

त्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी, १४७० च्या आसपास, अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला. जवळ विकायला आणलेला एक घोडा होता. तो जुन्नरला आला आणि पावसाळाभर तिथे अडकला. तेव्हा बहमनी राज्य होते. जुन्नरचा सुभेदार असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा परत देतो, असे सांगितले. शेवटी खोजा महंमद नावाच्या एका खुरासानी गृहस्थाने मध्ये पडून तो सोडवून दिला. घोडा हिसकावणारा मुसलमान होता आणि परत मिळवून देणाराही मुसलमानच होता, याची नोंद त्या ख्रिस्ती व्यापाऱ्याने प्रामाणिकपणे करून ठेवली आहे. त्याच वृत्तांतात इथल्या घोड्यांच्या खाण्याचीही माहिती आहे. घोड्यांना हरभरे देतात, साखर आणि तेल घालून खिचडी शिजवून देतात, असे तो लिहितो. म्हणजे मधल्या काळात दख्खनने पाहुण्याचे खाणेपिणे समजून घेतले होते. अरबी, तुर्की घोड्यांचे रक्त इथल्या काटक तट्टांत मिसळत गेले, आणि भीमा-नीरेच्या खोऱ्यात कडबा, हुलगा आणि माळरानावरचे गवत यांवर तगणारे भीमथडीचे घोडे तयार झाले.

शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचे घेऊन येई. कोणाकडे एक घोडा, कोणाकडे चार. ते त्याच्या घरच्या ठाणावर वाढलेले असत. शिलेदाराची सगळी पुंजी त्या चार पायांवर उभी असे. घोडा लंगडला की नोकरी लंगडली. म्हणून त्या घरात घोड्याचा पोटशूळ हा माणसाच्या तापाइतकाच मोठा प्रश्न असे.

सभासदाने १६९४ मध्ये लिहिलेल्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद, असा तिथे नेम सांगितला आहे. मार्को पोलोच्या व्यापाऱ्यांनी ज्याला येऊ दिले नव्हते, तो नालबंद आता पंचवीस घोड्यांमागे एक या हिशेबाने पागेत बसला होता. मला ही नोंद एखाद्या किल्ल्याच्या विजयाइतकी मोलाची वाटते.

मे १६७३ मध्ये महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नका, हा त्याचा आशय आपण नेहमी सांगतो. पण ते पत्र मुख्यतः घोड्यांच्या वैरणीबद्दल आहे. दाणा आणि गवत पावसाळाभर पुरवायचे आहे, आत्ताच उधळले तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि मग तुम्ही रयतेकडे हात पसराल, असा त्यातला विचार आहे. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, दिवा उघडा ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत बारीक सूचना त्यात आहेत. ज्याने स्वतः ठाण पाहिले आहे, त्यालाच उंदराची आठवण होते. आणि वैरण संपली तर काय होते, हे १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर दिसले. अब्दालीने रसद तोडली, आणि लढाईच्या दिवसापर्यंत छावणीतली जनावरे उपासमारीने खंगून गेली होती.

हे सगळे मी नुसते पुस्तकातून बोलत नाही. माझे आजोबा नालबंद होते. भीमेकाठच्या आमच्या गावात घरामागे दोन टांग्याचे घोडे आणि एक घोडी असे. मी लहान होतो, तेव्हा तो धंदा शेवटचे दिवस मोजत होता. आजोबांची शाळा झाली नव्हती, पण त्यांचे नियम पक्के होते. आधी पाणी, मग चंदी. कामावरून आलेल्या घोड्याला लगेच पाणी नाही, आधी चालवून घाम जिरवायचा. हरभरा भिजवलेलाच द्यायचा. सकाळ-संध्याकाळ खरारा. खरारा करताना नुसते अंग चोळायचे नाही, हाताने अंग वाचायचे. कुठे ऊब जास्त आहे, कुठे कातडी थरथरते, ते बघायचे.

शिंगरू जन्मले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून ते त्याचे पाय हळूच उचलत आणि तळहाताने खुरावर टिचक्या मारत. का, म्हणून मी विचारले. ते म्हणाले, "बाळा, पुढं याला हातोडी सोसायची हाय. आज हात सोसला तर उद्या हातोडी सोसंल." पुढे मोहरकी, मग लांब दोरावर कावा. जितके फेर डावीकडून, तितकेच उजवीकडून. मग पाठीवर रिकामे खोगीर, आणि तीन वर्षांचा झाल्यावरच ओझे. घाई केलेला घोडा गुडघ्यात जातो, असे ते सांगत. चाबूक भिंतीला टांगलेला असे. तो खाली काढल्याचे मला आठवत नाही.

आमच्या घरात आम्ही दख्खनी बोलत असू, नाल मारायला आलेल्या पाटलांशी आजोबा मराठी बोलत. पण घोड्याचे सामान दोन्ही भाषांत एकच होते. रिकीब आणि नाल अरबीतून आले; लगाम, जीन, तंग, चाबूक आणि पागा फारसीतून; घोडा, खूर, शेपूट, शिंगरू इथलेच. घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणत. तो शब्द संस्कृतातल्या शालिहोत्र या अश्ववैद्यकाच्या नावावरून आला, आणि त्या विद्येचे मध्ययुगात फारसीत तर्जुमे झाले. एका ठाणावर किती भाषा बांधलेल्या आहेत, बघा! कवी म्हणून मला वाटते, की मराठी शुद्ध करायला निघालेल्यांनी एकदा घोड्यावरचे सामान उतरवून पाहावे. रिकीब नाही, लगाम नाही, तंग नाही, मग स्वार बसणार कशावर? आपण रोज 'लगाम घालतो', 'खोगीरभरती' करतो, 'वरातीमागून घोडे' नेतो. घोडा गेला, पण त्याची भाषा आपल्या तोंडात राहिली.

ही विद्या फक्त पुरुषांची होती, असेही नाही. कागलच्या घाटग्यांची लेक आणि दौलतराव शिंद्यांची पत्नी बायजाबाई १८३५ मध्ये फतेहगडजवळ राहत होत्या. फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई तिथे त्यांना भेटली. दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसण्याचे इंग्रजी खोगीर पाहून मराठा बायकांना मोठी गंमत वाटली. मग पार्क्सबाई मराठी पोशाख चढवून मराठी पद्धतीने घोड्यावर बसली, आणि तेच तिला सोयीचे वाटले.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हजारो शिलेदारांचा आधार गेला. पण इंग्रजांनी त्यांची पद्धत उचलली. आपला घोडा, आपले सामान घेऊन येणाऱ्या स्वाराची ही रीत त्यांच्या हिंदी घोडदळात 'सिल्लीदार' याच नावाने पहिल्या महायुद्धापर्यंत चालली. मग यंत्रे आली. पुढे रस्त्यावरचा टांगाही गेला.

भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख असलेले गीत २०२३ मध्ये आपले राज्यगीत झाले. २०२३-२४ मध्ये भीमथडी घोड्याची देशी वाण म्हणून सरकारी नोंदही झाली. आनंद आहे. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत आणि नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेत आजही घोड्यांचा बाजार भरतो. हौसेने घरी एक-दोन घोडे पाळणारी तरुण मंडळी मला तिथे भेटतात. घोड्याची उंची, रंग, भोवरे त्यांना तोंडपाठ असतात. खूर कधी छाटायचा, असे विचारले की मात्र ती एखाद्या म्हाताऱ्या नालबंदाकडे बोट दाखवतात. तो नालबंद साठी-सत्तरीचा असतो आणि त्याची मुले दुसऱ्या धंद्यात गेलेली असतात.

वाणाची नोंद कागदावर झाली. ते वाण जगवणाऱ्या हातांची नोंद अजून व्हायची आहे. आपल्या गावात, शेजारच्या बाजारपेठेत असा कोणी नालबंद, मोतद्दार, जीनगर किंवा टांगेवाला उरला असेल, तर त्याच्याजवळ तासभर बसा. सामानाची नावे विचारा, चंदीचे माप विचारा, कावा कसा देतात ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. शाळेच्या वहीतही भागेल. नालबंद सोबत आला नाही तर घोडे जगत नाहीत, हे मार्को पोलोच्या काळातल्या व्यापाऱ्यांना पक्के ठाऊक होते.