निर्वाताचे स्थैर्य
पुंज क्षेत्र सिद्धांतात निर्वात म्हणजे क्षेत्राची किमान ऊर्जेची अवस्था. ती केवळ आसपासच्या अवस्थांहून खालची असेल आणि आणखी खालची अवस्था शक्य असेल, तर तिला मिथ्या निर्वात म्हणतात. डोंगरउतारावरच्या खळग्यात अडकलेल्या दगडासारखी ही स्थिती. दगड आपोआप खळग्याबाहेर येत नाही. क्षेत्र मात्र पुंज बोगदा परिणामाने मधला अडथळा पार करून खालच्या अवस्थेत, म्हणजे खऱ्या निर्वातात, जाऊ शकते; हाच मिथ्या निर्वाताचा क्षय.

या क्षयाचे मूलभूत गणित सिडनी कोलमन यांनी १९७७ मध्ये मांडले. कोठेतरी खऱ्या निर्वाताचा सूक्ष्म बुडबुडा उपजतो आणि पुरेसा मोठा असल्यास जवळजवळ प्रकाशवेगाने फुगतो. त्यामुळे पूर्वसूचना मिळणे जवळपास अशक्यच. आत कणांची वस्तुमाने बदलतात, ओळखीचे अणू टिकत नाहीत. कोलमन व फ्रँक द लुचिया यांनी १९८० मध्ये गुरुत्वाकर्षणही विचारात घेतले. शून्य ऊर्जेच्या निर्वाताचा ऋण ऊर्जेच्या निर्वातात क्षय झाल्यास बुडबुड्याचा अंतर्भागही कोसळतो, हा त्यांचा निष्कर्ष विशेष अस्वस्थ करणारा आहे.

२०१२ मध्ये सर्न येथे हिग्ज बोसॉन सापडल्यावर आपला निर्वात खरा की मिथ्या, हा प्रश्न मोजमापाच्या कक्षेत आला. हिग्जचे वस्तुमान सु. १२५, तर टॉप क्वार्कचे सु. १७३ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. कणभौतिकीची प्रमाण प्रतिकृती अतिउच्च ऊर्जेपर्यंत लागू मानल्यास या आकड्यांवरून आपला निर्वात अर्धस्थिर ठरतो. त्याचे अपेक्षित आयुष्य विश्वाच्या सु. १,३८० कोटी वर्षे वयाहून प्रचंड मोठे आहे. टॉप क्वार्कच्या वस्तुमानातील थोडासा फरकही हा निष्कर्ष पालटू शकतो. अज्ञात कणांचाही तसाच परिणाम होऊ शकेल. कणत्वरकांमुळे क्षय सुरू होण्याची भीती निराधार आहे, कारण विश्वकिरणांच्या त्याहून कितीतरी अधिक ऊर्जेच्या टकरी अब्जावधी वर्षे घडत आल्या आहेत.